भिजत घोंगडं, मुक्काम बुदेश्ती

बुधवार, 16 जुलै

रोमानियात बुदेश्ती नावाची गावं एकाहून जास्त आहेत, हे मला क्लुजमध्ये गाडीत बसल्यावर कळलं. फोनवरच्या नकाशाने बिनदिक्कत तासा-दीड तासाच्या अंतरावरचं एक बुदेश्ती काढून दिलं आणि मी खूश झाले. भाचा सोहम क्लुजला डॉक्टरकी शिकतो. त्याने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, हे नाही. बुखारेस्टजवळ अजून एक आहे, तेही नाही. आपलं पार वर, उत्तरेच्या मारामुरेश भागात." तिथलं जुनं लाकडी चर्च मला बघायचं होतं. मुक्कामाचे पैसे मात्र मी बरोबर गावात भरले होते, एवढंच माझं नशीब.

क्लुजहून उत्तरेला बाया मारे दीडशे किलोमीटर. नावाचा अर्थच 'मोठी खाण'. सोनं, चांदी, शिसं, तांबं या भागात शतकानुशतकं निघत आलं. शहर दिसायच्या आधी त्याचं धुराडं दिसतं, 351 मीटर उंच. आता त्यातून धूर निघत नाही. जानेवारी 2000 मध्ये इथल्या, सोनं काढून उरलेल्या गाळाच्या तलावाचा बांध फुटला आणि सायनाइडचं लाखभर घनमीटर पाणी नद्यांमधून थेट तिसा नदीत गेलं. पार हंगेरीपर्यंत मासे मेले. शहरात आम्ही फक्त जेवायला थांबलो.

पुढे काव्निक. हेही खाणकामगारांचं गाव, खाणी बंद पडलेल्या. रस्त्याकडेला एक दगडी खांब आहे. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की 1717 मध्ये तातार इथवर आले होते. इथवर, म्हणजे इथून पुढे नाही. पराक्रमाची फुशारकी नाही, शिव्याशाप नाहीत. तलाठ्याने पंचनाम्यात लिहावं तसं एक वाक्य. त्या धाडीत मारामुरेशमधली बरीच लाकडी चर्च जळाली, म्हणून आज दिसणारी पुष्कळशी त्यानंतरची आहेत. आम्ही बघायला निघालो होतो ते चर्च त्याआधीचं आणि वाचलेलं.

काव्निकनंतर नेतेदा खिंड, हजार मीटरच्या जराशी वर. खिंड ओलांडली की बीच वृक्षांची झाडी संपते आणि समोर गवत सुरू होतं. सगळीकडे गवत, आणि गवतात उभ्या गंजी, मधोमध खांब रोवून रचलेल्या. मागे गुतिन डोंगर, जुन्या ज्वालामुखीचा. त्यातून कोसाऊ नदी उतरते, उत्तरेला मारा नदीला मिळते, मारा इझाला आणि इझा तिसाला. तिसाच्या पलीकडे युक्रेन. बुदेश्ती हे या कोसाऊच्या वरच्या टोकाचं गाव.

इथल्या कारभाराच्या एककाला 'कोमुना' म्हणतात. आपली गट ग्रामपंचायत डोळ्यापुढे आणा. बुदेश्ती आणि सर्बी ही दोन गावं मिळून एक कोमुना, वस्ती तीन हजारांच्या आसपास, सरपंचाला म्हणायचं 'प्रिमार'. बुदेश्तीचे पुन्हा दोन भाग: जोसानी आणि सुसानी. 'जोस' म्हणजे खाली, 'सुस' म्हणजे वर. खालची आळी, वरची आळी! दोन्ही आळ्यांची चर्च वेगळी. दोन्ही चर्च संत निकोलसचीच. यापुढे मला समजावून सांगायची गरज उरली नाही.

घरमालकीण सत्तरीची. नाव आना. सोहम तिला आदराने 'लेले आना' म्हणाला आणि मी दचकले. मारामुरेशमध्ये वयाने मोठ्या बाईला 'लेले' म्हणायची रीत आहे, आपल्या अक्का-मावशीसारखी. पुढचे पाच दिवस मी या डोक्याला रुमाल बांधलेल्या लेलेबाईंकडे बघून मनात पुण्याच्या सदाशिव पेठेत जाऊन येत होते.

मी मांस खात नाही, ही खरी काळजी होती. सोहमने उपाय आधीच काढून ठेवला होता. शाकाहारी म्हणायचंच नाही, 'दे पोस्त' म्हणायचं, म्हणजे उपवासाचं. सनातनी, म्हणजे ऑर्थोडॉक्स, ख्रिश्चनांकडे बुधवार आणि शुक्रवार उपवासाचे. मांस नाही, अंडं नाही, दूधदुभतंसुद्धा नाही. आज बुधवारच होता. ताटात आलं ते घोटलेल्या पांढऱ्या घेवड्याचं पिठल्यासारखं काहीतरी, वर तेलात लाल केलेला कांदा. आणि भाजलेल्या वांग्या-मिरच्यांचं झाकुस्का, म्हणजे आपल्या भरताचं चुलत भावंड. लेले आनाला वाटलं, बाई फार धार्मिक आहे. मी तो गैरसमज तसाच राहू दिला.

गुरुवार, 17 जुलै

पहाटे पाचला टक् टक् टक् आवाजाने जाग आली. मला वाटलं तांबट आळी. शेजारचा म्हातारा एका ओंडक्यात ठोकलेल्या लहानशा ऐरणीवर लांब दांड्याच्या विळ्याची धार हातोडीने ठोकून पातळ करत होता. कोआसा म्हणतात त्या विळ्याला. उभ्याने, कमरेतून वळत गवत कापायचं. कमरेला पाणी घातलेलं एक नळकांडं, त्यात निसणा. वीस-पंचवीस हात कापलं की थांबायचं, पात्यावरून दोन्ही बाजूंनी निसणा फिरवायचा, पुन्हा सुरू. उतारच असे आहेत की यंत्र सगळीकडे चालत नाही. छोटी पेट्रोलची यंत्रंही आहेत, ती सपाटीवर भुर्र भुर्र करत असतात. पण झाडाखाली, बांधाच्या कडेला विळाच.

खालच्या आळीचं चर्च गावाच्या मधोमध, कबरींच्या गवतात. किल्ली एका बाईकडे असते. तिला फोन करायचा, ती हातातलं काम टाकून येते. बांधलं 1643 मध्ये. शिवाजी महाराज तेव्हा तेरा वर्षांचे. ओंडके एकावर एक रचून कोपऱ्यात खाचांमध्ये अडकवलेले. छप्पर लाकडी फळकुटांचं, माशाच्या खवल्यांसारखं, इतकं उतरतं की भिंती जेमतेम दिसतात. वर सुळका, आणि सुळक्याच्या बुडाशी चार कोपऱ्यांत चार चिमुकले सुळके. हे चार सुळके म्हणजे या गावाला न्यायनिवाड्याचा हक्क होता याची खूण, असं सांगतात.

लाकूडच का, यावर सगळीकडे एकच उत्तर मिळतं: हंगेरीच्या राजवटीत रोमानियन लोकांना दगडी चर्च बांधायची परवानगी नव्हती. असेलही. पण डोंगरभर झाडी आणि घराघरात सुतार असताना माणूस दगड फोडायला कशाला जाईल, असं मला उगीच वाटत राहिलं. 1999 मध्ये युनेस्कोने मारामुरेशमधली आठ लाकडी चर्च जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यात हे आहे.

आत शिरताना वाकावं लागतं. पहिली खोली बायकांची, पुढची पुरुषांची, त्यापुढे पडदाभिंत आणि पलीकडे गाभारा. अंधार इतका की दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग हळूहळू भिंती उजळायला लागतात. 1762 मध्ये आलेक्सांद्रु पोनेहाल्स्की नावाच्या चित्रकाराने हे रंगवलं. अंतिम निवाड्याचं चित्र बायकांच्या खोलीत आहे. आगीची नदी, पापपुण्य तोलणारा तराजू, पापी लोकांना ओढून नेणारे काळे सैतान. बायकांच्याच खोलीत का? सोहमने विचारलं. किल्लीवाली बाई म्हणाली, "पुरुष बघून सुधारणार होते का?"

याच चर्चमध्ये पिंतेआ वितेआझूल, म्हणजे शूर पिंतेआ, याचं चिलखत आहे. लोखंडी कड्यांचं, एकात एक गुंफलेलं. काच नसती तर हात लावला असता. पिंतेआ हा इथला दरोडेखोर. गावातल्या कुणालाही विचारलं तर दरोडेखोर शब्द तो काढणार नाही. श्रीमंतांचं लुटून गरिबांना द्यायचा, गुतिनच्या रानात लपायचा, साध्या गोळीने मरत नसे. आपल्याकडे उमाजी नाइकांबद्दल पुरंदरच्या बाजूला म्हातारी माणसं ज्या आवाजात बोलतात, तोच आवाज. इतिहासात सापडतो तो पिंतेआ ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याविरुद्ध हंगेरीच्या राकोत्सी या सरदाराने केलेल्या बंडात सामील झालेला आहे, आणि 1703 च्या ऑगस्टमध्ये बाया मारे शहर घ्यायच्या प्रयत्नात मेला. चिलखताची कडी मात्र बारीक आहेत, अगदी लहान मुलाच्या करंगळीत जातील एवढी. ती एकेक वळवणाऱ्या कारागिराचं नाव कुणी सांगत नाही.

शुक्रवार, 18 जुलै

आजचा दिवस मी चर्चसाठी आले होते हे विसरायला लावणारा.

सकाळी लेले आनाने माळ्यावरून तीन चेर्गा खाली टाकल्या. चेर्गा म्हणजे इथली लोकरीची घोंगडी, पण एका बाजूने लांब केसांची, मेंढी अंगावर घेतल्यासारखी. एकेकीचं वजन असं की मी एक उचलली आणि भिंतीला टेकले. वर्षाने धुवायच्या आहेत म्हणाली, गाडी आहे तर चला सर्बीला. डिकीत तीन चेर्गा, मागे लेले आना, आणि खिडक्या उघड्या, कारण लोकरीचा वास.

सर्बीत कोसाऊच्या काठी पाण्यावर चालणारी जुनी यंत्रं अजून चालू आहेत: पिठाची चक्की, लोकरीचं कापड कुटायची मोगरी, दारूची भट्टी आणि व्हल्तोआरे. हे व्हल्तोआरे बघायला लोक लांबून येतात. आम्ही धुणं घेऊन आलो होतो, त्यामुळे आमचा दर्जा आपोआप वरचा.

जमिनीत पुरलेलं एक भलंमोठं लाकडी नरसाळं समजा. वर रुंद, खाली निमुळतं, फळ्यांचं, आणि फळ्यांच्या मध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या. नदीचं पाणी पाटाने आणून लाकडी पन्हाळीतून तिरकं आत सोडलेलं. तिरकं, म्हणून पाणी आत पडतं ते फिरतच. भोवरा होतो. फटींतून पाणी बाहेर जात राहतं, वरून नवं येत राहतं. वीज नाही, साबण नाही, एकही फिरणारा भाग नाही. चेर्गा आत टाकली की ती क्षणभर फुगून तरंगली, मग मधोमध ओढली गेली आणि गडप. मी घाबरून कडेला धावले. तोवर ती दुसऱ्या अंगाने वर आली, लोळली, पुन्हा खाली. पहिली दहा मिनिटं फटींतून बाहेर येणारं पाणी चहासारखं होतं, मग निवळत गेलं.

तिथल्या माणसाच्या हातात लांब काठी. कुठली चेर्गा कडेला अडकली की ती ढोसायची, एवढंच त्याचं काम, पण तो ते डोळे मिटून केल्यासारखं करत होता. जोरात फिरवलेल्या थंड पाण्याने लोकरीचे केस सुटे होतात आणि अधिक मऊ होतात, असं लेले आना सांगत होती. नवी चेर्गासुद्धा विणून झाल्यावर आधी इथे आणायची. शेजारी मोगरीच्या खोलीत लाकडी हातोडे पाणचक्कीवर धाडधाड वरखाली होत होते. तिथे उलटा उद्योग: लोकरीचं कापड कुटून कुटून दाट करायचं, की मग त्यातून वारा जात नाही.

मी सोहममार्फत तिला सांगितलं, आमच्याकडे धनगरांची घोंगडी असतात. ती उगाच धूत नाहीत, उन्हात टाकतात, कारण विणताना सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि पाण्यात ती निघून जाते. आणि एखादं काम वर्षानुवर्षं लोंबकळत पडलं तर आम्ही त्याला भिजत घोंगडं म्हणतो. सोहमला हे रोमानियनमध्ये आणायला बराच वेळ लागला. लेले आना इतकी हसली की तिने रुमालाने डोळे पुसले. "आमच्या प्रिमारला सांगते," म्हणाली.

ओल्या चेर्गा बाहेर काढायला तिघं लागलो. काठीवर उचलून तिरप्या ओंडक्यावर टाकायच्या, पाणी निथळू द्यायचं. माझे बूट गेले.

भट्टी बंद होती, कारण आलुबुखारे अजून झाडावर हिरवे. होरिंका म्हणतात इथल्या दारूला. फळं पिंपात आंबवायची, तांब्याच्या भांड्यात उकळून वाफ धरायची. पहिली धार हलकी, ती पुन्हा एकदा गाळली की होरिंका. गोव्यातल्या वाचकांना हुर्राक आणि फेणी आठवेल. बाटली हलवल्यावर वर बुडबुड्यांचे मणी जमून टिकले की माल चांगला. भट्टीवाल्याने गेल्या वर्षीची बाटली हलवून मणी दाखवले आणि एवढ्याशा पेल्यांत ओतली. "नोरोक!" म्हणजे नशीब असो. घशातून पोटापर्यंत नशीब कुठे कुठे आहे ते कळलं. उपवासाच्या दिवशी चालते का, असं विचारल्यावर तो म्हणाला, आलुबुखारे झाडाचेच ना.

शनिवार, 19 जुलै

सिगेत. तासाभराच्या आत पोचलो. थोडक्यात लिहिते, कारण लांबवून लिहिण्याची ही जागा नाही.

तुरुंगाची इमारत गावाच्या मध्यात, बाहेरून शाळेसारखी. 1950 पासून 1955 पर्यंत कम्युनिस्ट राजवटीने जुने मंत्री, प्राध्यापक, बिशप इथे आणून कोंडले. पूर्वीचे पंतप्रधान युलिउ मानिउ 1953 मध्ये इथेच गेले; त्यांना कुठे पुरलं याची खूण ठेवली नाही. आता संग्रहालय आहे. 1948 मध्ये ग्रीक-कॅथलिक, म्हणजे पूजा सनातनी पद्धतीची पण पोपला मानणाऱ्या, चर्चवर बंदी आली आणि त्यांची देवळं सनातनी चर्चकडे दिली गेली, ते इथे नीट समजतं. मारामुरेशच्या गावांत ती जखम अजून पूर्ण भरलेली नाही. डोंगरातल्या पुष्कळ गावांत सामुदायिक शेती मात्र नीट रुजलीच नाही. एवढ्या उभ्या तुकड्यांचं सामुदायिक करायचं तरी काय? बुदेश्तीच्या गवताचे पट्टे आजही इतके चिंचोळे का, याचं अर्धं उत्तर त्यात असावं.

त्याआधीचंही आहे. 1940 ते 1944 हा प्रदेश हंगेरीकडे होता, आणि 1944 च्या मे महिन्यात सिगेतच्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, आणि भोवतालच्या गावांतून त्यांना आगगाडीने आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेलं. पुढे नोबेल मिळालेला लेखक एली विझेल याच गावचा, तेव्हा पंधरा वर्षांचा.

शेवटी तिसाच्या काठावर गेलो. पलीकडचं गाव युक्रेनचं, मध्ये लाकडी पूल. पहिल्या महायुद्धापर्यंत नदीचे दोन्ही काठ एकाच मारामुरेशचे होते. 2022 पासून युद्धावर जायचं टाळून पोहत येणारे कित्येक तरुण या पाण्यात बुडाले. दुपारी ते पाणी गुडघाभर वाटत होतं.

परतताना कुणी बोललं नाही. घरी कोलेशा होता. मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, थरांमध्ये चीज, वर सायीसारखी मलई. उपवास नसल्याने लेले आनाने मलईचा हात सैल सोडला.

रविवार, 20 जुलै

आज संत इलियेचा सण. इलिये म्हणजे बायबलमधला एलिया संदेष्टा. तो आगीच्या रथातून आभाळात फिरतो आणि तो गडगडाट आपल्याला ऐकू येतो. आज गवताला हात लावायचा नाही, लावलात तर गंजीवर वीज पडते. पहाटे टक् टक् नव्हतं, आणि त्या शांततेनेच जाग आली.

मोठं नवं चर्च भरून लोक बाहेर हिरवळीवर. म्हाताऱ्या बायका ठसठशीत फुलांच्या घागऱ्यात, डोक्याला रुमाल, आणि कमरेला पुढून-मागून पट्ट्यापट्ट्यांचं लोकरी वस्त्र, झादिए. पट्ट्यांच्या रंगांवरून बाई कुठल्या गावची हे जुनी माणसं ओळखतात. काही पुरुषांच्या डोक्यावर क्लोप, गव्हाच्या काडाची एवढीशी टोपी, टाळूवर ठेवलेली. ती डोकं झाकत नाही, नुसती दिमाखाने बसते.

चर्चबाहेरच्या गाड्यांवर मात्र फ्रान्स, इटली, बेल्जियमच्या पाट्या. जुलै-ऑगस्टात सगळे घरी येतात. लेले आनाचा मुलगा फ्रान्समध्ये बांधकामावर आहे, तोही काल रात्री आला होता. वर्षाची सुट्टी तो गवत कापण्यात घालवतो. गावात तीन मजली घरं उभी आहेत, जिना चकचकीत, वरच्या मजल्याला खिडक्या नाहीत, आत कुणी नाही. त्यांच्या शेजारी शंभर वर्षांचं लाकडी घर, ज्यात आई-वडील राहतात आणि जे पाहायला आमच्यासारखे येतात. मला लाकडीच आवडतात असं मी बोलून गेले. मुलगा फ्रेंच मिसळून म्हणाला, "हिवाळ्यात या, शौचालयाला अंगणातून जा, मग सांगा." मुकाट्याने चहा प्याले. चहालाही इथे 'चाय' म्हणतात, पण मिळतो तो पानाफुलांचा काढा.

मग त्याने मेंढ्यांचा हिशोब समजावला. मे महिन्यात गावातल्या अनेक घरांच्या मेंढ्या एका कळपात डोंगरावर जातात. जायच्या दिवशी प्रत्येक घराच्या मेंढ्यांचं दूध काढून सर्वांसमोर मापायचं. ज्याचं जेवढं माप, तेवढा उन्हाळाभराच्या चीजमध्ये त्याचा वाटा. भांडण होतं का? दरवर्षी, म्हणाला.

चारला गुतिनवरून ढग आले आणि साडेचारला इलियेने रथ काढला. लेले आना अंगणात धावली, आम्हीही. गंजी शाबूत होत्या, पण दांडीवरच्या तीन चेर्गा जवळजवळ वाळलेल्या, आता पुन्हा ठिबकत होत्या.

सोमवार, 21 जुलै

पाच वाजता टक् टक्. एकाच्या जागी दोन, दुसरा आवाज मुलाचा, ताल जरा चुकत होता.

लेले आनाने प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत होरिंका भरून दिली आणि झाकणावरून दोनदा रबर लावलं. ती हातातल्या पिशवीत नको, सामानात ठेव, असं सोहमने तीनदा बजावलं. मी चेर्गांकडे गेले, एकीला गाल लावून पाहिला. गार, ओलीच. लेले आना मागून आली. कालपासून पाठ करत होती बहुतेक, कारण सोहमची मदत न घेता ती एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "भि-जत घों-ग-दं," आणि दुसऱ्या टोकाला धरून मला खूण केली. आम्ही दोघींनी चेर्गा पिळायचा प्रयत्न केला. पिळली नाही. तशीच पुन्हा दांडीवर टाकली आणि गाडीत बसले.